स्लाइडखालच्या ओळी

लोधीपुऱ्यातल्या आमच्या डीटीपीच्या दुकानात किस्से शोधावे लागत नाहीत, लोकच पेनड्राइव्हमध्ये घालून आणून देतात. "भैया, पीपीटी रेडी आहे, फक्त पुस्तक करून द्या!" या 'फक्त'ची मला धास्ती वाटते. छापलेलं परत घेता येत नाही ना!

*

एका कोचिंगवाल्या सरांच्या स्लाइडवर भलीमोठी अक्षरं. मी नीट समास सोडून, पुस्तकी मापात मजकूर बसवला. सर दचकले.

"इतके छोटे अक्षर? मागच्या बेंचवाल्याला दिसतील का?"

*

तुकईथडच्या एका काकांनी केळीवरच्या रोगांची पीपीटी आणली. काळ्यावर पिवळी अक्षरं! मी पांढऱ्यावर काळी केली आणि श्वास रोखून बसलो.

"वाचता तर मस्त येतंय," काका म्हणाले, "पण आता रोगाची भीतीच नाही वाटत!"

*

शाळेतल्या बाईंची प्रश्नमंजूषा. स्लाइडवर क्लिक केलं की उत्तर यायचं. पानावर सगळी उत्तरं प्रश्नांच्या डोक्यावर येऊन बसली!

"बाई, कागदावर क्लिक कुठं करायचं?"

"मग उत्तर फिक्कं छापा ना. हुशार पोरं बघनारच नाही!"

*

डोईफोडियाचे महाजन सर रिटायर झालेले. आईकडून ऐकलेली पेरणीची गाणी ते गावोगाव पीपीटीवर दाखवायचे. त्याचंच पुस्तक करायचं होतं. प्रूफ दाखवलं तर न वाचताच म्हणाले, "तुझ्यावर भरोसा आहे, बेटा."

स्लाइडखाली आणखी काही ओळी होत्या. मला वाटलं, गाण्याचाच भाग. तिरप्या अक्षरात, वर-खाली छान जागा सोडून बसवल्या. छापून आल्यावर बायकोनं वाचलं तेव्हा कळलं. त्या ओळी म्हणजे सरांनी भाषणासाठी स्वतःलाच लिहून ठेवलेल्या सूचना होत्या!

"आत्ताच सांगा त्यांना," बायको म्हणाली. दोन दिवस फोन हातात धरून बसलो. धीर झाला नाही.

प्रकाशनाला सरांनी पुस्तक उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. "इथे पाणी प्यायचं." हॉल हसला. सरही हसले, पाणी प्यायले. मी मागच्या खुर्चीत खाली सरकलो, कारण पुढच्या पानावर काय आहे ते मला माहीत होतं.

सरांनी पान उलटलं.

"इथे आईचं नाव येतं. रडायचं नाही."

सर त्या ओळीवर बोट ठेवून उभे. पहिल्या रांगेतून त्यांची थोरली बहीण म्हणाली, "रड ना रे भाऊ. कोन रोकतंय तुला?"