सेवास्तीचं निळं दार

लेकीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सेवास्ती मावशी आपली गादी, येशूच्या आईची, मारियेची तसबीर आणि कणीक मळायची लाकडी परात घेऊन मागच्या पायऱ्यांनी खालच्या खोलीत उतरली. उतरताना ती गात होती. मी शेजारच्या गच्चीवर चुना लावत होते, माझ्या कानांनी ऐकलंय. रडत उतरली असं कोणी सांगेल तर साफ खोटं.

आमच्या बेटावर घर बाईचं. आईकडून थोरल्या लेकीकडे, तिच्याकडून तिच्या थोरलीकडे. नवरे बोटींवर जातात, येतात, काही येतच नाहीत. घर बाईजवळ राहतं. लेकीचं लग्न झालं की वरचं घर तिचं, आणि आई खाली, जिथे तेलाचे रांजण आणि शेळी असायची तिथे. मग बोलावल्याशिवाय वर पाऊल टाकायचं नाही. पण आई मेली की तिला वर आणतात. मोठ्या खोलीत, तसबिरींखाली, रात्रभर ठेवतात आणि सकाळी पुढच्या निळ्या दारातून बाहेर नेतात. मागच्या दाराने शेळी जाते, कचरा जातो. आई जात नाही.

सेवास्तीची आजी निळ्या दारातून गेली, आई गेली. नवरा ब्राझीलच्या वाटेवर मालबोटीत वारला आणि त्याला तिथेच पाण्यात सोडला, त्या बिचाऱ्याला कुठलंच दार मिळालं नाही. म्हणून की काय, सेवास्तीने पुढे देवाकडे दुसरं काही मागितलं नाही. मला वरून न्या, एवढंच.

बक्षीसपत्र करायला नोटरी मोठ्या बेटावरून आला होता. कोट घातलेला, घामेजलेला माणूस. त्याने विचारलं, "बाई, खालच्या खोलीत हयातभर राहायचा हक्क तुमच्या नावे लिहून ठेवू ना?"

सेवास्ती ताडकन उठली. "पोटच्या पोरीकडून लेखी घेऊ? ती काय सावकार आहे? लिही, सगळं इरीनीचं."

इरीनी लाजली, बाकीचे हसले. इथल्या एकाही बाईने असं लिहून घेतलेलं नाही. घेतलं असतं तर लेकीच्या तोंडावर थुंकल्यासारखं झालं असतं. नोटरीने खांदे उडवले आणि सही करायची जागा दाखवली.

इरीनी नवऱ्यामागे अथेन्सजवळच्या बंदरात, पिरेअसला गेली. त्याचं टायरचं दुकान होतं. मग देशभर पैसा आटला ती वाईट वर्षं आली, दुकान बसलं, आणि एका हिवाळ्यात इरीनी एकटीच बोटीतून उतरली. मी धक्क्यावर दोर बांधायचं काम करते. उतरणाऱ्याच्या चेहऱ्यावरून मला कळतं कोण काय घेऊन आलंय. मी दोर टाकून तिच्यामागे गेले.

"आई, घर विकतेय," इरीनी म्हणाली.

"वीक. तुझंच आहे."

"घेणारी बाई चांगली आहे. डेन्मार्कची. म्हणते, आईला खालीच राहू दे, मला सोबत होईल."

"आणि मी मेल्यावर?"

"तेही बोलले. वर ठेवायचं, निळ्या दारातून न्यायचं. हो म्हणाली. रडली सुद्धा."

मला राहवलं नाही. "इरीनी, कागदावर घे."

"या अर्गिरोला सगळीकडे कागद लागतो," सेवास्ती म्हणाली. "नवऱ्याची पावती घेतली होतीस का गं?"

"घेतली असती तर माल परत तरी करता आला असता, मावशी."

ती इतकी हसली की खोकला आला. कागद काही झाला नाही.

बिर्ता, घर घेणारी ती डेन्मार्कची, वाईट बाई नव्हती. हे लिहिताना माझे दात आवळले जातात, पण नव्हती. आमची भाषा शिकली, चुका करत का होईना बोलली, सेवास्तीच्या खोलीत बसून सातूचे कडक पाव कॉफीत बुडवून खाल्ले. संध्याकाळी वर बसून लिहायची. सेवास्ती खालून हाक मारायची, "बिर्ता, पोरी, डोळे जातील!" वरून आवाज यायचा, "एक पान, मावशी, एक पान!"

ते पान-पान करत पुस्तक झालं. आधी तिच्या भाषेत, मग जर्मनमध्ये, इंग्रजीत, शेवटी आमच्या. मी ते दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा भिंतीवर फेकलं. त्यात मी एका ओळीत आहे: धक्क्यावर उभी राहून समुद्रावर ओरडणारी एक तापट बाई. मी समुद्रावर ओरडत नव्हते. मी बंदराच्या साहेबावर ओरडत होते, कारण डॉक्टरची बोट तिसऱ्यांदा रद्द झाली होती आणि फळीवर एक बाळंतीण झोपवलेली होती. बाळंतीण पुस्तकात नाही. सेवास्ती मात्र आहे, अख्खं प्रकरण. घर देऊन टाकून गात खाली उतरणारी, कशाचीही इच्छा नसलेली बाई. आणि निळ्या दाराचं सगळं सविस्तर, कोण कोण कसं गेलं ते.

लोक यायला लागले. पुस्तक काखेत, टोपी डोक्यावर. खालच्या खोलीत वाकून बघायचे. सेवास्ती आधी सगळ्यांना कॉफी द्यायची. मग साखर पुरेना तेव्हा नुसतं पाणी. मग दार लावून घ्यायची, तर दाराचे फोटो काढायचे.

"मावशी, हाकलून देऊ?" मी विचारायची.

"राहू दे गं. एवढ्या लांबून येतात. मी अजून मेले नाही हे बघून हिरमुसतात बिचारे."

मग बिर्ताची कंबर धरली. एका सकाळी तिला पलंगावरून उठताच येईना, आणि बेटावर डॉक्टर नव्हता. तिच्या पुस्तकात या गोष्टीला शांतता म्हटलं होतं. ती परत गेली ती गेलीच. घर अथेन्सच्या एका कंपनीने घेतलं, पाहुण्यांना भाड्याने द्यायला. कंपनीचा माणूस म्हणून आला अरिस्तोस, आमच्याच वरच्या वाडीतला, पांढरा शर्ट घातलेला. ईस्टरपर्यंत खालची खोली मोकळी करा, म्हणाला. खरेदीखतात घर रिकामं आहे असं लिहिलंय.

मी पुस्तक घेऊन मोठ्या बेटावर वकिलाकडे गेले. सेवास्तीला बरोबर नेलं. कायदा मी शाळेत शिकले नाही, वर्तमानपत्रातून आणि मार खाऊन शिकले. मला वाटलं, छापलेलं आहे, हजारो लोकांनी वाचलंय, यापेक्षा मोठा पुरावा कुठला? वकिलाने पुस्तक उघडलं, पहिलं पान वर केलं आणि बोट ठेवलं. यातील व्यक्ती व प्रसंग काल्पनिक आहेत.

"बाईलाच फोन लावा," तो म्हणाला. "तिने तोंडाने सांगितलं तर काही करता येईल."

तिथूनच लावला, आवाज मोठा करून.

"बिर्ता, तू एवढंच सांग की सेवास्ती खाली राहत होती, आणि मेल्यावर तिला वरून न्यायचं ठरलं होतं."

"अर्गिरो, मी घर रिकामं आहे म्हणून सही केलीय. त्यांनी सांगितलं, तसंच लिहायची पद्धत असते. आता उलटं बोलले तर ते मलाच कोर्टात ओढतील."

"अगं, पण तू लिहिलंयस!"

"पुस्तकातली सेवास्ती..." ती अडखळली. "ती अगदी हीच नाही. बऱ्याच बायका मिळून ती एक केलीय."

सेवास्ती फोनवर वाकली. "बिर्ता, पोरी, दुसऱ्या कोण गं? नावं सांग, मी सगळ्यांना ओळखते."

पलीकडून रडण्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. रडायला ती पहिल्यापासून हुशार. वकिलाने पुस्तक मिटून माझ्याकडे सरकवलं.

सेवास्ती माझ्या मागच्या खोलीत आली. गादी, तसबीर, परात. इरीनी फोनवर म्हणत राहिली, आई, पिरेअसला ये.

"चौथ्या मजल्यावर राहते ती," सेवास्ती मला म्हणाली. "तिथे माणूस मेलं की लिफ्टमधून उभं करून नेतात म्हणे. मला उभी नाही जायचं."

मग मी भांडण लहान केलं. मला हे जमत नाही, तरी केलं. खोली ठेवा म्हटलं, घर ठेवा, फक्त एक रात्र आणि एक दार द्या. अरिस्तोस बंदरावरच्या हॉटेलात बसला होता.

"अर्गिरो, मी काय दगड आहे का?" तो म्हणाला. "माझी आजीही अशीच गेली. पण उन्हाळ्यात घर भरलेलं असतं. ऑक्टोबर ते मार्च रिकामं. त्यात काही झालं तर मी चावी आणून देतो. फक्त आधी कळवा."

"काय कळवू? मरायची तारीख?"

"तसं नाही गं..."

त्याची कॉफी त्याच्या पांढऱ्या शर्टावर गेली, ती माझ्या हातून. हॉटेलवाल्याने त्या दिवसापासून मला आत घेतलं नाही. मी सेवास्तीला झालेलं सांगितलं तेव्हा वाटलं ती चिडेल. ती विचारात पडली.

"ऑक्टोबर ते मार्च," ती म्हणाली. "बराच वेळ देतायत की."

त्या हिवाळ्यात तिने मरायची खटपट केली. दुसरा शब्द मला सापडत नाही. काळा पोशाख धुऊन, इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकला. रक्तदाबाच्या गोळ्या मी तोंडात घालायची, ती जिभेखाली धरून नंतर कुंडीत टाकायची. कुंडीतली तुळस वाळली तेव्हा मला कळलं. उत्तरेचा वारा सुटला की अनवाणी अंगणात जाऊन उभी राहायची.

"आत चल, म्हातारे!"

"तू गप गं. मी माझ्या कामात आहे."

नोव्हेंबर गेला, जानेवारी गेला. दरवर्षी छातीत कफ होऊन पडणारी बाई, त्या वर्षी तिला शिंकसुद्धा आली नाही. मार्चअखेर ती रोज सकाळी उठून स्वतःचे हात बघायची, जणू कोणी फसवलंय. एप्रिलमध्ये पहिली मोठी बोट आली. मी दोर बांधून घरी आले तर ती खिडकीशी होती.

"आले," ती म्हणाली. "गेलं माझं वर्ष."

ती ऑगस्टमध्ये गेली. मारियेच्या सणाच्या आठवड्यात, जेव्हा बेटावर उभं राहायला जागा नसते. इरीनी रात्रीच्या बोटीने आली, मिळेल त्या जागेवर, डेकवर बसून. अरिस्तोसने फोन उचलला, हे कबूल करायला हवं. "घर भरलंय, अर्गिरो," एवढंच म्हणाला.

रात्रभर ती माझ्या मागच्या खोलीत होती. सकाळी निघालो. दफनभूमीची वाट निळ्या दारावरूनच जाते. तिथे मी शवपेटी खांद्यावर घेतलेल्या चौघांना थांबवलं आणि दार ठोकलं. टॉवेल गुंडाळलेला, ओल्या केसांचा एक माणूस बाहेर आला. बंदरावर शिकलेल्या माझ्या इंग्रजीत मी सांगितलं: ही या घराची बाई, हिला आत नेऊन परत बाहेर आणायचंय, पाचच मिनिटं.

"सेवास्ती?" त्याचा चेहरा उजळला. "पुस्तकातली?" मग त्याची नजर शवपेटीवर गेली. तो आत वळून बायकोशी काहीतरी बोलला. परत आला तेव्हा फार हळू बोलत होता. मुलं झोपलीत, म्हणाला. घाबरतील. फार वाईट वाटतं.

आणि दार लावलं. आपटलं नाही. कडीचा आवाजही होऊ दिला नाही.

मी वाकून रस्त्यावरचा दगड उचलला. "अर्गिरो," आमचे पाद्री पापा-स्त्रातिस म्हणाले, "पोरांचे खांदे भरून आले."

"भरू देत."

"ऊन चढतंय, पोरी. तिचा विचार कर."

इरीनीने माझ्या हातातून दगड काढून घेतला आणि स्वतःच्या खिशात ठेवला. आम्ही पुढे निघालो.

हे सगळं मी लिहितेय त्याला कारण आहे. पुस्तकाची नवी आवृत्ती निघालीय, शेवटी एक प्रकरण वाढवून. त्यात सेवास्ती मोठ्या खोलीत तसबिरींखाली रात्रभर असते, आणि सकाळी निळं दार उघडतं, आणि ती जाते. बिर्ताने इरीनीला फोन करून विचारलं होतं, आई कशी गेली. इरीनीने सांगितलं, वरून गेली, सगळं रीतीप्रमाणे. मी इरीनीला एका शब्दानेही बोलले नाही. आईबद्दल तिने आणखी काय सांगायचं होतं?

आता लोक त्या दारासमोर उभे राहून डोळे पुसतात. खालच्या खोलीवर कंपनीने पाटी लावलीय, सेवास्तीची खोली, आणि ती वरच्यापेक्षा महाग आहे.

तर लिहून ठेवते. सेवास्ती माझ्या मागच्या खोलीतून गेली. ते दार अरुंद आहे, शवपेटी सरळ निघेना. शेवटी चौघांनी ती कलती केली, जवळजवळ उभी, आणि कचऱ्याच्या डब्याशेजारून गल्लीत काढली.