पुणतांब्याच्या मामींची गाडी

मामी एसटीत बसल्या की उजवा पाय समोरच्या सीटखालच्या लोखंडी दांडीवर दाबून धरायच्या. जणू ब्रेक त्यांच्याच पायाखाली. समोरून ट्रक आला की शेजारच्या बायका डोळे मिटायच्या. मामी आणखी मोठे करायच्या. म्हणायच्या, "आपन न्हाई बघितलं तर कोन बघनार?"

काळजी हा त्यांचा पूर्णवेळचा उद्योग होता. मी नगरहून त्यांच्याकडे निघाले की राहुरीहून त्यांना एक फोन करायचा, श्रीरामपूरहून दुसरा. एकदा मोबाईल बंद पडला, तर मी पुणतांब्यात शिरले तेव्हा त्यांचे तीन शेजारी रस्त्यावर माझी वाट बघत उभे होते.

अशा बाईने ती गाडी पुन्हा रस्त्यावर काढायचं मनात घ्यावं, याचं आम्हाला नवल वाटलं. गाडी मामांची. ते डॉक्टर होते, आणि मामीही त्यांना 'डॉक्टर'च म्हणायच्या. स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा असलेली ती करडी मोटार मामा गेल्यापासून पत्र्याच्या शेडमध्ये पडून होती. वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या आणि मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालत होती. शेवटी मामेभाऊ संजूदादाने भंगारवाल्याला बोलावलं, तर मामी शेडच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

त्याच आठवड्यात त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला होता. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही, असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते. मामी दादाला म्हणाल्या, "डोळं हायेत तवर मला ह्या गाडीतून राजूरला जायचंय." राजूर त्यांचं माहेर. तिथे थोरली बहीण एकटी उरली होती. मामा असताना दर दिवाळीला दोघं त्याच गाडीतून तिच्या दारात उतरायची.

कोपरगावचे उस्मानभाई गाडी दुरुस्त करायला येऊ लागले. मामी खुर्ची टाकून शेजारी बसायच्या. हा पाइप कसला, तो फुटला तर काय होतं, आग कुठून लागू शकते? एकदा उस्मानभाई वैतागून म्हणाले, "भाभी, तुमी जरा श्वास घ्या, गाडी मी बघतो." सुटे भाग मिळता मिळेनात. पावसाळा गेला, थंडी पडली, तेव्हा कुठे एका सकाळी इंजिन धूर ओकत सुरू झालं. उस्मानभाईंनी हात पुसत बजावलं, "ब्रेकचं काम केलंय, पन पाइप जुनेच हायेत. नवे मिळंस्तवर घाटात नेऊ नका."

राजूरची वाट घाटातूनच जाते. दादाने गाडी चालवायला साफ नकार दिला. नवे पाइप येईपर्यंत थांबू या, असं मीही म्हणून पाहिलं.

"तवर मला दिसंल का?" मामींनी विचारलं.

"पण तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटती की. रात्रभर झोप न्हाई. पन भीतीला इचारून चालले असते, तर राजूर सोडून इथवर आलेच नसते."

मी किल्ली घेतली. मामींनी चाकांना लावायला दोन मोठे दगड सीटखाली ठेवले.

अकोले गावापर्यंत नीट गेलो. पुढच्या घाटात चढ संपला, उतार लागला, आणि ब्रेक दाबला तर माझा पाय थेट तळाला गेला.

"मामी, ब्रेक लागत नाहीये."

मला वाटलं, आता त्या किंचाळतील. पण त्या अगदी हलक्या आवाजात बोलल्या, "पाय उचल. परत दाब, भराभर. न्हाई लागत? दांडा दुसऱ्या गिअरवर घे. आता हँडब्रेक, एकदम वढू नको. डोंगराच्या अंगाला घे. माझ्याकडं न्हाई, रस्त्याकडं बघ." इतकी वर्षं मामांच्या शेजारी बसून त्या त्यांचे हातपायच बघत आल्या होत्या. गाडी कडेच्या मुरमाला घासत गेली आणि थांबली. मामी उतरल्या, दोन्ही दगड चाकांना लावले, आणि मग रस्त्यातच मटकन बसल्या. मी त्यांना मिठी मारली आणि दोघी रडलो.

मागून आलेल्या मोकळ्या टेम्पोवर रस्त्यात जमलेल्या लोकांनी फळ्या लावून गाडी ढकलून चढवली. आम्ही केबिनमध्ये बसून राजुरात पोचलो. काठी टेकत बहीण दारात आली.

"अगं, ही तर टेम्पोतून आनली!"

"आली ना पन," मामी म्हणाल्या, आणि गाडी खाली उतरवल्यावर बहिणीचा हात धरून तो त्यांनी बॉनेटवर ठेवला.

पुढे उस्मानभाईंनी सगळे पाइप बदलले. पुढच्या दोन दिवाळ्यांना आम्ही त्याच गाडीतून राजूरला गेलो. मग बहीण वारली, आणि मामींना उजेड-अंधारापलीकडे काही दिसेना. एके दिवशी त्या आपणहून म्हणाल्या, "शेडमध्ये पुन्हा सडवू नका. ज्याला हौस हाय त्यानं न्यावी."

राहात्याचा एक तरुण शिक्षक गाडी न्यायला आला, त्या दिवशी मामी माझा दंड घट्ट धरून फाटकात उभ्या होत्या. गाडी निघाली. मला ती दिसत होती. मामी नुसत्या कान देऊन होत्या. वळणावर इंजिन घरघरलं, क्षणभर अडखळलं. मामींची नखं माझ्या दंडात रुतली. मग आवाज एकसारखा झाला.

"तिसरा टाकला," त्या म्हणाल्या. "बरोबर टाकला."

आणि त्यांचा हात सैल झाला.