वांग्याच्या भावात मटण

अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात मटणावर माझ्या मावसाजींइतकं प्रेम कुणी केलं नसेल, आणि बोकडांवरही. या दोन प्रेमांचं एकमेकांशी जमत नाही, हेच त्यांच्या आयुष्याचं दुखणं होतं. इचोड्याजवळ त्यांचा वांग्यांचा मळा होता. बाजाराच्या दिवशी कसायाच्या दुकानासमोरून जाताना ते छत्री आडवी धरायचे, मग ऊन असो की नसो. मटण आणायचं काम मावशीचं. रस्सा उकळू लागला की मात्र मावसाजी चुलीपासून हलत नसत. "वास घ्यायचं पाप नाई लागत," असं त्यांचं शास्त्र होतं.

ऐंशीच्या दशकात कधीतरी मिरच्यांच्या पुडीच्या कागदावर त्यांनी वाचलं की, जनावर न मारता मांसाचा बारीकसा तुकडा बरणीत वाढवता येईल, असं शास्त्रज्ञ म्हणतात. झालं. मावसाजींना वेड लागायला एवढं पुष्कळ होतं. चमचाभर विरजणानं हंडाभर दही लागतं, तर बोटभर काळजानं बरणीभर मटण का लागू नये? त्यांनी लोणच्याची काचेची बरणी घासली, कोमट दुधात काळजाचा तुकडा टाकला आणि बरणी गोधडीत गुंडाळून धान्याच्या कोठीमागे ठेवली. तिसऱ्या दिवशी सगळं घर अंगणात राहायला आलं. मावशी म्हणाली, "घरात बरनी राहीन, नाईतर मी राहीन." मावसाजींनी बरणी राखेनं धुतली आणि फळीवर पालथी घातली, पण प्रश्न काही पालथा घातला नाही.

तो प्रश्न ते ज्याला त्याला विचारत. "मटन वांग्याच्या भावात कवा भेटन?" ट्रकवाल्यांना विचारलं, शाळेच्या मास्तरांना विचारलं. शेवटी जनावरांच्या तेलुगू डॉक्टरांना गाठलं. डॉक्टर दक्खनी हिंदीत म्हणाले, "काकाजी, बरनी में बढाना है तो उसको अच्छा अच्छा खिलाना पडता, रोज साफ रखना पडता. उत्ते खर्चे में चार बकरे आ जाते." मावसाजी घरी येऊन थेट फळीवरच्या बरणीसमोर उभे राहिले. मग मला म्हणाले, "पोरी, बोकड निरा पाल्यावर वाढते. मंग त्या बरनीले एवढा माज कायचा?"

एवढी घाई त्यांना होती, कारण दारात गिरदावर नावाचा बोकड बांधलेला होता. मावसाजींना विषमज्वर झाला तेव्हा मावशीनं पोचम्मा देवीला नवस बोलला होता, की बरे झाले तर गावाला बोकडाचं जेवण घालीन. ते बरे झाले आणि नवसाचं करडू घरी आलं. रोज सकाळी ते वांग्यांचा प्रत्येक वाफा पाहत हिंडायचं, म्हणून मावसाजींनी त्याचं नाव पिकं तपासणाऱ्या साहेबावरून गिरदावर ठेवलं. नवस फेडायचा तो आखाडात, आणि देवीला आजारी बोकड चालत नाही. त्यामुळे दर आखाडात गिरदावरला नेमानं काहीतरी व्हायचं. एकदा सर्दी, एकदा लंगडी, एकदा तर मावसाजींच्या मते त्याला "करमून नाई राह्यलं."

चौथ्या आखाडात गावच्या बोळक्या म्हाताऱ्या पटेलांनी मावसाजींना चावडीवर बोलावलं. मावसाजी म्हणाले, "बोकडाच्या वजनाइतकं मटन गावाले चारतो, बोकड न मारता. गाव जेवलं, तं गिरदावर सुटला."

"अन् नाई जमलं त?"

"तं कापताना दोरी मीच धरीन," मावसाजी म्हणाले.

बरणी तर फसली होती. पण नागपूरकडच्या एका ट्रकवाल्यानं त्यांना सोयाबीनच्या वड्या दाखवल्या होत्या. मावशीनं वाटीभर करून पाहिल्या, मसाला जोरदार टाकला आणि मान डोलावली. मग मावसाजी गिरदावरला घेऊन कापसाच्या व्यापाऱ्याकडे गेले. देवीची फसवणूक नको, म्हणून काट्याच्या एका पारड्यात बोकड उभा केला आणि दुसऱ्यात कोरड्या वड्या. गिरदावर शांतपणे व्यापाऱ्याची वही खात होता. मटण शिजलं की आटतं, हे मावसाजींना पाठ होतं. वड्या भिजल्या की किती फुगतात, ते मात्र त्यांनी मावशीच्या त्या वाटीपुरतंच पाहिलं होतं. आता कढई भरली, हंडे भरले, घंगाळं भरली, शेवटी बैलांची कुंडी घासून घ्यावी लागली. मावशी कपाळावर हात मारून म्हणाली, "देवीनं मागतलं एक बोकड, तुमी तं कळपच भिजवला."

गाव जेवलं, शेजारचं गाव जेवलं, हायवेवरचे ट्रक थांबून जेवले. नवसाच्या मटणाचे पळसाच्या पानांवर वाटे लावतात, तसे वाटेही लावले. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "काळीज काऊन नाई दिसून राह्यलं? वाट्यात काळीज पाह्यजे." वाट्यात काळीज नसेल तर ते बोकडाचं जेवणच नव्हे, हा गावचा कायदा. पंगतीनं मावसाजींकडे पाहिलं. मावसाजींचा हात गिरदावरच्या दोरीवर गेला.

पटेल जेवायचे थांबले. "धा वर्सं झाले, दात नाई म्हून मी नुसता रस्सा पेऊन राह्यलो," ते म्हणाले. "आज मले बोट्या खाता आल्या. काळीज त्याचं त्याच्यापाशी राहू द्या. सोडा त्याले."

गिरदावर म्हातारा होऊन मेला, वांग्याच्या वाफ्यात, पोट भरलेलं असताना. त्या दिवसानंतर मावसाजींनी खरं मटण कधी खाल्लं नाही. दर आखाडात वड्या खायचे आणि सगळ्यांदेखत म्हणायचे, "थेट मटन." शेवटच्या आजारपणात मावशी पाणी आणायला गेली, तेव्हा मला जवळ बोलावून म्हणाले, "पोरी, मटनावानी जराबी नाई लागत. तुया मावशीले सांगू नोको." मग फळीकडे पाहून म्हणाले, "बरनीतलं निघन एक दिवस. वांग्याच्या भावात आलं, तं माहा वाटा ठेवजो."

मला त्यांची फार आठवण येते. मावशीला मी काही सांगितलं नाही. पण दर आखाडात मावशी ती बरणी राखेनं घासते, पुसते आणि फळीवर ठेवते. लोणचं मात्र तिच्यात घालत नाही.