जेवणाची तबकडी

लाउडस्पीकरवाल्याला लग्नात गरम जेवण मिळत नाही. हे मी अनुभवानं सांगतो, कारण ऐन तारुण्यातली सात-आठ वर्षं मी अमरावतीत लाउडस्पीकरचा धंदा केला. दोन भोंगे, एक मशीन, रेकॉर्डींची पेटी आणि भागीदार म्हणून एक शाळेपासूनचा दोस्त, एवढा संसार. तेव्हाच्या तबकडीत एका बाजूला एकच गाणं असायचं आणि ते तीन मिनिटांत संपायचं. म्हणजे पोळी मोडून आलूवांग्यात बुडवली की गाणं संपलंच. उठा, तबकडी उलटा, सुई ठेवा. परत यावं तर वाढपी बुंदी घेऊन पुढं गेलेला असायचा.

एरवी हे चालून जायचं. पण माझा स्वतःचाच साखरपुडा ठरला, अकोल्याला, मुलीच्या घरी. आपल्या घरी मशीन असताना दुसऱ्याचा भोंगा लावायचा म्हणजे नाक कापून घेण्यासारखंच, म्हणून आम्ही आमचंच सामान नेलं. पंगत बसली. भागीदार बॅटरी आणायला गेला तो तिकडंच रमला, आणि इकडं गाणं संपलं. सवयीनं मी पानावरून उठलो.

आमच्या वऱ्हाड मुलखात नवरदेव पानावरून उठला की त्याचा एकच अर्थ असतो. नवरदेव रुसला. तो रुसला की सासऱ्यानं काहीतरी कबूल करायचं आणि मग त्यानं घास घ्यायचा. मी मशीनजवळ वाकलेला असताना होणारे सासरे धावत आले.

"काय कमी पडलं जी जावईबापू?"

"काही नाही, तबकडी उलटवायची होती."

त्यांना ते बोलणं रुसक्या माणसाचंच वाटलं. दुसऱ्यांदा उठलो तेव्हा त्यांनी चारचौघांत मनगटी घड्याळ कबूल केलं. मी नको नको म्हणत होतो, पण खोटं कशाला बोलू, घड्याळाच्या नावानं माझं 'नको' जरा बारीकच निघालं. तिसऱ्यांदा उठला असतास तर सायकल मिळाली असती, असं भागीदारानं नंतर मला ऐकवलं.

निघताना नवरी मुलगी दारात उभी होती. तोवर तिचा आवाज मी ऐकला नव्हता. तो असा ऐकला.

"लग्नात पानावरून उठान तर मी बी उठीन. बाबाचं तोंड पाह्यलं काय तुमी?"

पाहिलं होतं. घड्याळ कबूल करताना ते हसत होते, पण ते हसणं ओठांपुरतंच होतं. दर्यापूरकडं त्यांचं थोडं वावर आणि घरात आणखी दोन मुली. पुन्हा सगळ्या मांडवासमोर मी उठलो असतो तर त्यांना पुन्हा हात जोडावे लागले असते, आणि ही मुलगी बोलल्याप्रमाणं उठली असती. मग लग्न कसलं आणि काय. लग्नात मशीन भागीदारावर सोपवावं, तर त्यानं आधीच सांगून टाकलं, "साऱ्या जगाच्या लग्नात उपाशी राह्यलो बे. तुह्या लग्नात मी पंगतीत बसनार."

तोडगा एकच होता. अख्खी पंगत उठेस्तोवर न संपणारी तबकडी. लाँग प्ले.

लग्नाचा बस्ता बांधायला दोन्हीकडची मंडळी अकोल्यात जमली तेव्हा शालूची घासाघीस सुरू असताना मी सटकलो आणि बाजूच्या रेडिओच्या दुकानात शिरलो. पाहतो तर मागोमाग ती, आणि तिच्यावर पहारा म्हणून तिची आत्या. आत्यानं पंख्याखालची खुर्ची धरली आणि लगेच डुलकी काढली. असा पहारेकरी देव सगळ्यांना देवो.

दुकानदारानं सनईची लाँग प्ले काढली. सनई लागली की म्हातारे अक्षता शोधायला पानावरून उठतात, असं मी त्याला ठोकून दिलं. खरं कारण वेगळं होतं. काही दिवसांपूर्वी रेडिओची कळ फिरवताना एका विलायती बँडचं गाणं लागलं होतं. मी चहा ठेवला, उकळला, प्यालो, कप विसळला, तरी ते चालूच. मधेच ऑर्गन, मधेच नुसते ढोल, मधेच कोणी झोपेत बोलल्यासारखं गायचं. कळलं काहीच नाही, पण जीव त्यात अडकला होता. अशा संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात हे कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली.

रेडिओवर ऐकलेलं त्या बँडचं नाव मी सांगितलं आणि दुकानदाराचा चेहरा उजळला. कोण्या साहेबानं मुंबईहून मागवलेल्या दोन तबकड्या त्याच्या गळ्यात पडल्या होत्या; साहेबाची बदली झाली होती. एकीच्या वेष्टनावर चार देखणे झिपरे पोरगे, दुसरीवर फांद्यांना डोळे फुटलेलं एक झाड. दोन्ही घेण्याची ऐपत नव्हती. मला पहिली हवीशी वाटली. पोरांचे कोट झकास होते.

तिनं मात्र दोन्ही तबकड्या बाहेर काढायला लावल्या, दाराशी नेल्या आणि उन्हात तिरप्या धरल्या. पहिलीवर गाण्यागाण्यांमधल्या गुळगुळीत रेघा चमकत होत्या. दुसरीची एक बाजू काठापासून मधल्या कागदापर्यंत सलग काळी.

"हे घ्या," ती म्हणाली. "याच्यात धुराच नाई."

धुरा म्हणजे वावराचा बांध; तो नाही म्हणजे अख्ख्या बाजूला एकच गाणं. शेतकऱ्याच्या पोरीनं तबकडी वावरासारखी पाहिली आणि मी कोट पाहत बसलो होतो.

दुकानदारानं ती बाजू लावली. रेडिओवरचंच गाणं! मी आनंदानं काउंटरवर थाप मारली. अर्ध्याच्या पुढं आवाज बारीक होत होत पार बंद झाला. "संपलं," म्हणत दुकानदारानं सुईला हात घातला. ती "थांबा" म्हणाली. सुई अजून मधल्या कागदाशी पोचली नव्हती, ते तिनं पाहिलं होतं. तेवढ्यात ढोल असा कडाडला की आत्या खुर्चीतून उठून "चोर, चोर" करू लागली. आम्ही दोघं पोट धरून हसलो. मला वाटतं, आमचं लग्न तिथंच लागलं.

लग्नाच्या दिवशी अक्षता पडल्या, पंगत बसली. सुई टेकवून भागीदार ऐटीत पानावर जाऊन बसला. पोळीला ऑर्गन झाला, भाताला गिटार. "मशीन बिघडली काय जी?" असं दोघाचौघांनी विचारलं. ढोल घाईला आला तसे वाढपीही घाईला आले, आणि कढी पानाबाहेर सांडू लागली. मी शांतपणे बुंदी खात होतो. आयुष्यातली पहिली गरम बुंदी.

मग ती मधली शांतता आली. वाढपी थबकले. भागीदार कढीनं माखलेला हात घेऊन मशीनकडं निघाला. माझ्या तोंडात बुंदीचा बोकणा, ओरडता येईना, आणि गुडघे आपोआप वर आले. शेजारच्या पानावरून तिनं डाव्या हातानं माझा गुडघा खाली दाबला.

"बसा तुमी. बाबा पाहून राह्यले."

आणि ती स्वतः उठली. शालू सावरत भरल्या पंगतीतून गेली आणि भागीदाराचं मनगट धरलं. "हात नोका लावू जी. संपलं नाई अजून."

नवरी पानावरून उठली! रुसलेल्या नवरदेवाला काय द्यायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. रुसलेल्या नवरीला काय द्यायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. माझी आई घाबरून पुढं झाली.

"काय झालं वं माय? काय पाह्यजे तुले?"

त्याच क्षणी ढोल कडाडला. दोन वाढपी दचकले, एक पोर रडलं. ती मात्र हसत होती, थेट तिच्या बाबाकडं बघून.

"हे तबकडी पाह्यजे. माह्या नावानं."

"देली!" आई म्हणाली, सगळ्यांच्या देखत. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. सासरे खांबाला टेकून हसत होते, आणि या वेळी ते हसणं ओठांपुरतं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मी ते कढीच्या तिखटावर ढकललं.

घड्याळ मी पुढं त्यांना परत केलं. भोंगे गेले, मशीनं बदलली. तबकडी अजून तिची आहे. लावायची तर विचारावं लागतं. आम्ही ती जेवतानाच लावतो. मधली शांतता आली की तिचा डावा हात माझ्या गुडघ्यावर येतो. आता गुडघेच असे झालेत की मी उठणार कुठून, तरी ती दाबून धरते, आणि ढोल वाजेपर्यंत मी घास तोंडात तसाच ठेवतो.