दादांचं ‘रिअली?’

माझ्या थोरल्या मेहुण्यांइतका संशयी माणूस अख्ख्या डहाणू तालुक्यात झाला नाही. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. घोलवड स्टेशनात ते पार्सल क्लार्क होते, आणि तिथेच कुठल्याशा साहेबाच्या तोंडचा ‘रिअली?’ हा शब्द त्यांनी उचलला. इंग्रज तो आश्चर्य वाटलं की म्हणतात. दादा मात्र डावी भुवई चढवून असा म्हणायचे, की समोरच्याला आपण चोरी करताना सापडलो असं वाटावं. “चिकू आज सकाळीच उतरवलेत, साहेब,” असं बागवाल्यानं म्हटलं, की “रिअली?” आणि नाक थेट करंडीत! डॉक्टर म्हणाले, “ताप उतरलाय,” की “रिअली?” आणि उशाखालून स्वतःचा थर्मामीटर बाहेर. गुजरात वेगळा झाला आणि डहाणू महाराष्ट्रातच राहिलं म्हणून बाजारात पेढे वाटले, तेव्हा पेढा तोंडात टाकून दादा म्हणाले, “रिअली? नकाशा आलाय का?”

त्यांच्या मुलीची, सुमनची, आलेली स्थळं या एका शब्दापायी रागावून परत जायची. शेवटी तलासरीचा एक शिक्षक वडिलांना घेऊन तिला बघायला आला. त्या दिवशी मीही तिथे होतो.

वडील म्हणाले, “आमचा मुलगा चहासुद्धा घेत नाही.”

“रिअली?” दादा म्हणाले. पण वडिलांना ते कौतुक वाटलं, आणि ते खुलले. मुलगा पहाटे उठून व्यायाम करतो. रिअली? त्याला विचारल्याशिवाय हेडमास्तरांचं पान हलत नाही. रिअली? तलासरीत बंगला बांधायला काढलाय. दाराआड सुमनच्या आईनं कपाळावर हात मारला.

“नाही हो,” मुलगाच मध्ये बोलला. “चहाशिवाय माझं चालत नाही. बंगल्याला तर अजून जागासुद्धा पाहिलेली नाही. बाबांना माझं जरा जास्तच कौतुक आहे.”

वडील लालबुंद झाले. सुमन खाली मान घालून हसत होती. दादांनी मुलाकडे बराच वेळ निरखून पाहिलं आणि आत हाक मारली, “अगं, यांना चहा आण. मोठ्या कपातून.”

लग्न ठरलं, झालंही. सुमनला घेऊन तलासरीची एसटी निघून गेली, तरी दादा रस्त्याच्या कडेला उभेच होते.

“चला दादा,” मी म्हणालो, “सुखात राहील हो सुमन.”

त्यांनी माझा हात घट्ट धरला.

“परत एकदा म्हणा,” ते म्हणाले.