हो-की-नाहीवाले डॉक्टर

हो-की-नाहीवाल्या डॉक्टरांनी माझ्या थोरल्या भावाला फसवलं. कागदावर अण्णांना ठणठणीत करून टाकलं, आणि अण्णा अजून येरमाळ्यात ओट्यावर बसून आहेत.

हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्यांचं पुढं काय होतं, यावर हे डॉक्टर अभ्यास करत. इस्त्रीचा शर्ट, काखेत फॉर्मचा गठ्ठा. कुणी दोन वाक्यं बोललं की पेन वर करायचे, "हो की नाही, एवढंच सांगा." मी सोयाबीनचा व्यापारी, पोत्यात हात घातल्याशिवाय भाव बोलत नाही. हा माणूस पोतं न उघडताच माल पास करायचा.

अण्णा स्टँडवर कोसळले तेव्हा फिट आली समजून आम्ही कांदा फोडून नाकाला लावला. "आणखी एक आणा," असं मीच ओरडत होतो. एसटीतून एक नर्स उतरली, तिनं छाती दाबून हृदय सुरू केलं; पण तोवर फार वेळ गेला होता. हे सगळं दवाखान्यात डॉक्टरांना सांगितलं, तर हसले.

"कांद्याला रकाना नाही हो. छाती दाबली ना?"

"दाबली, पण उशिरा."

त्यांनी 'लगेच'वर खूण केली.

महिन्यानं घरी आले. "जिवंत आहेत, घरी आहेत. हो ना, वहिनी?"

"हायेत की. पण मला वळखीत न्हाईत, सायेब. एस्टी आली का, एवढंच इचारत्यात."

पुन्हा खूण. चहा मात्र बशीत ओतून, जमिनीवर बसून प्यायले. जाताना सोयाबीनच्या पोत्यावर माझे तळवे ठेवून छाती कशी दाबायची ते शिकवलं. तेवढं एक काम त्यांनी मन लावून केलं, हे नाकारत नाही.

पुढं तालुक्याच्या सभेत त्यांनी पडद्यावर अण्णांचा फोटो दाखवला. "हे स्वतःच्या पायांनी घरी गेले." दवाखान्यातून घरी नेताना आम्ही चौघांनी उचलून जीपमध्ये घातलं होतं! मी उठलो, तर म्हणाले, "नंतर बोलू." ते नंतर आलंच नाही, साहेब मोठ्या शहरात गेले. त्यांच्या कागदात आमचं गाव छाती दाबण्यात हुशार ठरलं, म्हणून इथं शिकवायला कुणी फिरकलं नाही. स्टँडवर कुणी पडलं की आजही आधी कांदाच येतो.

डॉक्टर, येरमाळ्याला या. वहिनींसमोर बसा. अण्णा बरे झाले का? लांबण लावू नका. हो की नाही, एवढंच सांगा.