मी त्या टेकडीवर नव्हते

ज्यांना खाली "ताई, मृगजळ असेल हो" असं लिहायचंय, त्यांनी कृपा करून लिहू नका. मृगजळ म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. दोन वर्षं तेच ऐकून कान किटलेत माझे.

आमचं घर बौद्ध. मूळचे परभणीकडचे, पण आजोबांपासून हैदराबादेत, गौलीगुड्यात. अंगारा, गंडा, उतारा यातलं काहीही अप्पांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. लहानपणी शेजारच्या काकूंनी एकदा माझी दृष्ट काढली, तर अप्पांनी त्यांच्या हातातल्या मिरच्या घेतल्या आणि आईला म्हणाले, "फोडणीत टाक." अशा माणसाची मी मुलगी. वय सेहेचाळीस, विम्याच्या ऑफिसात नोकरी, राहायला हिमायतनगर. असल्या भुताखेतांच्या सदरात माझं नाव बघून अप्पा महिनाभर बोलले नसते माझ्याशी. तरी लिहितेय, कारण राग मावत नाहीये आता.

ऑफ-रोडिंगचा नाद मला दादानं लावला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, मिलिंद. आमचा आठ गाड्यांचा ग्रुप आहे, सगळे हैदराबादचे. दर डिसेंबरात कुठेतरी जायचं, रस्ता सोडून गाड्या घालायच्या, चिखलात नाहीतर दगडांत. दोन वर्षांपूर्वी ठरलं जैसलमेर, वाळूतली वाट. तीन दिवस गाडी चालवत गेलो. माझी गाडी केशरी, लांबूनही ओळखू येते. दादाची जुनी हिरवी जीप, मागे उंच काठीला पिवळा झेंडा. वाळूच्या टेकड्यांत गाडी दिसत नाही, झेंडा आधी दिसतो, म्हणून तो लावतात.

त्या दिवशी सकाळीच आमचं वाजलं. वाळूत शेवटची गाडी चालवणं सगळ्यात अवघड, पुढच्या सातांनी वाळू उकरून ठेवलेली असते. मला ती जागा हवी होती. दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "तुला राग आवरत नाही, गाडी काय आवरणार?" लोक हसले. माझं डोकं असं फिरलं की दुपारपर्यंत मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे माझ्याविरुद्ध हेच वापरलं गेलं.

जेवणानंतर दादाच्या वॉकीटॉकीची बॅटरी गेली. मग आमचे लीडर श्रीनिवास गारू (गारू म्हणजे तेलुगूतलं 'साहेब') म्हणाले, "मॅडम, तुम्ही सातव्या. भाऊ शेवटचा, तो आरशात दिसत राहिला पाहिजे. दिसला नाही की तुम्ही थांबायचं आणि आम्हाला थांबवायचं." नियम तसा जुनाच, आपल्या मागच्या गाडीची जबाबदारी आपली. पण त्या दिवशी दादाला दुसरा आधारच नव्हता. माझा आरसा, बस्स.

दोनला निघालो. शेजारच्या सीटवर फरहाना, माझी ऑफिसातली मैत्रीण. पहिली टेकडी चढून उतरलो... आरशात झेंडा. दुसरी उतरलो, थोडं थांबले... आला. मग पाऊण तास सपाट वाळू आणि झुडपं. धूळ खूप होती, पण धुळीत हिरवी जीप दिसत होती, चांगली दिसत होती. मी दर दोन मिनिटांनी बघत होते. शेवटी फरहानाच वैतागली. तिनं मागे वळून बघितलं आणि म्हणाली, "हौ, आरैं तुम्हारे भाई. कित्ता देखते? सामने देखो ना!"

एका खेजडीच्या झाडापाशी वळण होतं. तिथे मी गाडी हळू केली. जीप वळली. झेंडा वाकडा झाला होता. म्हटलं काठी ढिली झाली असेल, पोचल्यावर आवळू.

शेवटच्या उतारावर श्रीनिवास गारू आधीच खाली उभे होते, वरून येणाऱ्या गाड्या मोजत. वॉकीवर त्यांचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला — "एनिमिदी! आठ. सगळे आले." खाली एका झोपडीत चहा होता. मी गाडी बंद केली, उतरले, दादाशी अबोला सोडायचा म्हणून दोन कप घेऊन वळले...

मागे कोणी नव्हतं. पाच मिनिटं थांबलो. दहा. उतारावर माझ्या चाकांच्या ठशांवरून आठव्या गाडीचे ठसे गेलेत का ते बघायला धावले, तर वाऱ्यानं सगळं सारखं करून ठेवलेलं. हातातला चहा मी कधी सांडला, मला आठवत नाही.

दादा सापडला साडेचारला. अकरा किलोमीटर मागे, दुसऱ्या टेकडीच्या पायथ्याशी. जीप आडवी, डावा पाय गुडघ्याखाली लोखंडी बारमध्ये अडकलेला. प्रत्येक गाडीत ट्रॅकर होता, त्याची नोंद नंतर काढली. त्याची जीप दोन वाजून वीस मिनिटांनी थांबलेली, त्यानंतर तसूभर हललेली नाही. म्हणजे पाऊण तास सपाटीवर, खेजडीपाशी, शेवटच्या उतारावर... मी काय बघत होते?

शुद्धीवर होता. मला बघून त्यानं तोंड फिरवलं. मला वाटलं वेदनेनं.

जोधपूरला ऑपरेशन झालं, मग इकडे आणल्यावर दुसरं. पाय गेला. बावन्न वर्षांचा माणूस, शुगरवाला. आणि श्रीनिवास गारूंना विचारलं तर म्हणतात, "मॅडम, मी सात म्हटलं होतं." सात! तेलुगूत सातला एडु म्हणायला आणि आठला एनिमिदी म्हणायला तोंड किती वेगळं लागतं! बाकीचे पाच ड्रायव्हर जमिनीकडे बघत बसले. फरहाना भांडली माझ्यासाठी, "मैं भी देखी ना, मेरे आँखां फूटे क्या?" पण ती पडली माझी मैत्रीण. तिचं कोण ऐकतो.

हॉस्पिटलात कल्पना वहिनी दारातच आडव्या आल्या. "सुजाताताई, तुम्ही आत जाऊ नका. त्यांना तुमचं तोंड बघायचं नाहीये." मी म्हटलं, "वहिनी, आरशात मला जीप दिसत होती हो, शपथ." त्या म्हणाल्या, "आरशाचं नका सांगू. तुम्ही टेकडीवर उभ्या होतात."

मला कळेचना. मग त्या बोलल्या. दादानं त्यांना सांगितलं होतं, जीप आडवी झाल्यावर पाच-दहा मिनिटांत वर टेकडीच्या माथ्यावर केशरी गाडी येऊन थांबली. दार उघडून मी बाहेर उभी राहिले, त्याच्याकडे बघत. धुराची नळकांडी त्याच्या हाताशी होती, पेटवली की केशरी धूर मैलभर दिसतो. त्यानं ती पेटवली नाही. कशाला पेटवेल? बहीण समोर उभी आहे, येईलच. हाका मारल्या, हात केला. ती आली नाही. दोन तास तिथेच उभी. सकाळचा राग काढतेय, असं त्याला वाटलं. माझा राग सगळ्या खानदानात प्रसिद्ध!

अहो, मी रागीट आहे, राक्षस नाही! त्या दोन तासांत माझी गाडी कुठून कुठे गेली त्याची रेघन् रेघ ट्रॅकरमध्ये आहे. सहा गाड्यांमधली माणसं माझ्या पुढे होती. पण माझ्या भावानं मला बघितलं. आणि मी त्याला बघितलं. तो मला दिसला म्हणून मी थांबले नाही, मी त्याला दिसले म्हणून त्यानं धूर केला नाही. आम्हा दोघांना कोणीतरी नेमकं तेच दाखवलं ज्यानं घात होईल. कोणी? का? आमचं काय वाकडं होतं त्या वाळूशी?

पावणेदोन वर्षं दादानं माझा फोन घेतला नाही. राखी पोस्टानं पाठवली, पोस्टानंच परत आली. मग मागच्या महिन्यात वहिनींचाच फोन. "त्यांनी नाही बोलावलं, मी बोलावतेय. नवा पाय कपाटात पडलाय. व्यायाम नाही, धड जेवण नाही. डॉक्टर म्हणतात असंच बसून राहिले तर दुसरा पायही जाईल. तुमचंच घेऊन बसलेत डोक्यात. काहीतरी करा हो."

ट्रॅकरचा नकाशा छापून घेऊन गेले. रविवारची सकाळ होती. दादा खिडकीत बसलेला, निम्मा झालेला. मी कागद मांडीवर ठेवला. "बघ. ही मी. ही तुझ्यापासून लांब जातेय. बघ ना!"

त्यानं नीट बघितलं. इंजिनियर माणूस, रेघ वाचता येते त्याला. "कागद खरा असेल," म्हणाला. "मग मी खोटं बोलतोय?"

"नाही रे दादा."

"मग कोण होतं ते, सुजे?"

"मला काय माहीत!" मी ओरडलेच. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

त्यानं कागदाची घडी घातली. मग हळूच म्हणाला, "तू होतीस म्हण. राग आला होता, चुकलं, एवढं म्हण. तू असलीस तर मी माफ करू शकतो. तू नव्हतीस तर... मी दोन तास कुणाला हाका मारत होतो?" लहानपणी मला सायकल शिकवताना माझ्यामागून धावणारा माझा भाऊ, असा घाबरलेला मी कधी बघितला नव्हता.

मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली.

आणि मी म्हटलं. "चुकलं माझं दादा. राग आला होता. खाली यायला हवं होतं मी."

तो हमसून हमसून रडला. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. थोड्या वेळानं नाक पुसून म्हणाला, "कल्पना, तो पाय काढ गं कपाटातून."

जिन्यात येऊन मी भिंतीवर मूठ मारली. अजून दुखते. मी न केलेली गोष्ट कबूल करून बसलेय, तीही माझ्या तोंडानं. त्या दोन गाड्या काय होत्या, मला सांगता येत नाही. ट्रॅकरवाला, डोळ्यांचा डॉक्टर, जिन-भुतांचं जाणणारी फरहानाची अम्मी, सगळ्यांना विचारून झालं.

दादा आता रोज चालतो. नातेवाइकांना सांगतो, सुजानं कबूल केलं. परवा त्याचा फोन आला. म्हणाला, "सुजे, मी तुला माफ केलं बरं का, मनापासून."

फोन भिंतीवर आपटावासा वाटला. "बरं दादा," म्हटलं, आणि आज किती पावलं झाली ते विचारलं.